त्याचे नाव कोणी लिहिले?

परप्राणरक्षणासाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांच्या सन्मानाविषयी मंडळ्यांसाठी एक पाठ

वाचावयाचे उतारे : एस्तेर २:२१-२३ व ६:१-११, यिर्मया ३८:७-१३ व ३९:१५-१८, लूक १०:२५-३७, फिलिप्पै २:२५-३०.



काही वर्षांपूर्वी आमच्या फेरीतील एका गावी ऐन उन्हाळ्यात एक दुःखद गोष्ट घडली. जुन्या विहिरीतील गाळ काढण्यासाठी दोन मजूर खाली उतरले होते. पाणी उपसावयाचे इंजिन विहिरीच्या आतच ठेवून चालविले होते व त्याचा धूर तळाशी कोंडला होता. दोघेही मजूर बेशुद्ध पडले. काठावर लोक जमले, आरडाओरड झाली, परंतु आत उतरण्यास कोणी धजेना. इतक्यात आपल्या मंडळीतील एक तरुण शेतमजूर शेजारच्या वावरातून धावत आला. दोर धरून तो खाली उतरला. एकाच्या कमरेला दोर बांधून त्याने त्यास वर पाठविले. दोर पुन्हा खाली आला, तेव्हा दुसऱ्यास बांधून वर पाठविले. तिसऱ्या वेळी दोर आला तो त्याच्यासाठी होता. परंतु तो धरावयास त्याच्या हातांत बळ उरले नव्हते.

ते दोघे मजूर आज जिवंत आहेत. त्यांपैकी एकही ख्रिस्ती नाही. त्या तरुणाचा दफनविधी आम्हीच चालविला. योहानाच्या पंधराव्या अध्यायातील तेराव्या वचनावर आम्ही उपदेश केला, तेव्हा सारा गाव रडला. नंतर आम्ही आपल्या दुसऱ्या कामास लागलो.

दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याची विधवा काही कागद घेऊन आमच्याकडे आली. लेकराच्या शाळेसाठी तिला कोठेतरी अर्ज करावयाचा होता. तिने विचारले, “पाद्रीसाहेब, त्यांनी काय केले, हे कुठे लिहिले आहे काय?” आम्ही कागद पाहिला. त्यावर विहिरीत गुदमरून अपघाती मृत्यू, एवढेच होते. तो का उतरला, त्याने कोणास वाचविले, ह्याविषयी एक अक्षरही नव्हते. आणि ते कोणाकडून लिहवून घेण्याचा प्रयत्न ज्याने करावयाचा होता, तो मनुष्य आम्हीच होतो. गावात लिहिता येणारे, कचेरीची वाट ठाऊक असलेले आम्ही होतो. आणि आम्ही काहीच केले नव्हते.

तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. म्हणून ह्या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : असा मान देण्याविषयी शास्त्र काय शिकविते, आपल्या देशात त्यासाठी कोणती तजवीज आहे, आणि गावोगावच्या लहान मंडळ्यांचे ह्यात कर्तव्य काय.

१. राजाच्या बखरीतील एक ओळ

मर्दखय हा शूशन नगरीत परका मनुष्य होता. राजाच्या दरवाजाजवळ बसत असता त्याला कळले की, बिग्थान व तेरेश हे दोन खोजे राजाच्या जिवावर उठले आहेत. त्याने ते एस्तेर राणीस कळविले. राणीने राजास सांगितले. परंतु सांगताना तिने मर्दखयाचे नाव घेतले, ही बातमी आपली म्हणून सांगितली नाही. चौकशी झाली, गोष्ट खरी ठरली, आणि राजासमक्ष बखरीत ती नोंदली गेली.

त्या वेळी मर्दखयाला काहीच मिळाले नाही. पुढे एके रात्री राजाला झोप येईना, म्हणून बखर वाचावयास सांगितले, आणि ती ओळ निघाली. ह्या मनुष्याचा काय सन्मान झाला, असे राजाने विचारले, तेव्हा काहीच झाला नाही असे उत्तर आले. दुसऱ्याच दिवशी मर्दखयाचा जाहीर गौरव झाला.

येथे तीन माणसांचे काम दिसते. एकाने जीव वाचविला, दुसरीने त्याचे नाव सांगितले, तिसऱ्याने ते लिहिले. पहिल्याचे काम मोठे खरे. परंतु दुसरी व तिसरा नसते, तर राजाला कितीही रात्री झोप आली नसती तरी वाचावयास काही सापडले नसते. उलट उदाहरण पाहावयाचे असल्यास उपदेशकाचा नववा अध्याय उघडावा. तेथे एका गरीब शहाण्या मनुष्याने वेढा पडलेले लहान नगर वाचविले. पण पुढे त्याची आठवण कोणी ठेविली नाही. त्याचे नावसुद्धा आपणांस ठाऊक नाही. तो मर्दखयापेक्षा कमी योग्यतेचा होता असे नव्हे. तो गरीब होता, आणि त्याच्या नावाची नोंद करणारा कोणी नव्हता.

२. ख्रिस्ती मनुष्याने मान इच्छावा काय?

कोणी म्हणेल, “उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, असे प्रभूने शिकविले आहे. मग पदके व प्रशस्तिपत्रे ह्यांचा विचार मंडळीने कशास करावा?” हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने जे वर्ज केले, ते स्वतःच्या सत्कर्माचा स्वतः कर्णा वाजविणे होय. शेजाऱ्याच्या सत्कर्माविषयी मौन धरावे, असे त्याने कोठेही शिकविलेले नाही.

फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना पौल एपफ्रदीताविषयी काय सांगतो ते पाहा. हा मनुष्य प्रेषित नव्हता. मंडळीने दिलेली मदत पोचविणारा तो एक सेवक होता. त्या कामात तो आजारी पडून मरणाच्या दारी गेला. पौल मंडळीस स्पष्ट आज्ञा करतो की, अशा माणसाला आनंदाने स्वीकारा व त्याला मान द्या. तेथे जीव धोक्यात घालण्यासाठी पौलाने जो ग्रीक शब्द योजला आहे, त्यात पणाला लावण्याचा अर्थ आहे. त्याच धातूशी संबंध असलेल्या ‘पराबोलानी’ ह्या नावाने पुढील काळात आलेक्सांद्रिया नगरात ख्रिस्ती सेवकांचा एक वर्ग ओळखला जाई. साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करणे हे त्यांचे काम होते.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल प्रिस्का व अक्विला ह्या तंबू शिवणाऱ्या दांपत्याचे नाव घेतो, आणि माझ्या जिवासाठी ह्यांनी आपली मान पुढे केली, असे सर्व मंडळ्यांपुढे सांगून त्यांचे आभार मानतो. तात्पर्य, स्वतःसाठी मान शोधणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही. पण दुसऱ्यास त्याचा मान पोचविणे हे त्याचे कर्तव्य आहे. ज्याला मान द्यावयाचा त्याला तो द्यावा, असे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो, आणि तेथे ते कर्जासारखे मानले आहे. कर्ज थकवणे ही नम्रता नव्हे.

३. सरकारची सन्मानपदके

फार जुन्या काळी सन्मान म्हटला म्हणजे तो सरदाराचा किंवा सैनिकाचा असे. मजुराने दुसऱ्याचा जीव वाचविला तर त्याची दखल राजदरबारी क्वचितच घेतली जाई. इंग्लंडात समुद्रावर प्राण वाचविणाऱ्यांसाठी १८६६ साली आल्बर्ट पदक सुरू झाले, आणि खाणीत आपल्या सोबत्यास वाचविणाऱ्यांसाठी १९०७ साली एडवर्ड पदक निघाले. कामकरी मनुष्याचे शौर्य हेही राष्ट्राचे शौर्य आहे, ही समजूत अशी हळूहळू रुजली.

स्वतंत्र भारतात १९६१ साली जीवन रक्षा पदकांची स्थापना झाली. त्यांच्या तीन पायऱ्या आहेत : सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक व जीवन रक्षा पदक. बुडणे, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड कोसळणे, हिंस्र पशूचा हल्ला, खाणीतील दुर्घटना, अशा प्रसंगी दुसऱ्याचा प्राण वाचविणाऱ्यास हे पदक देता येते. स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही धंद्यातील मनुष्य त्यास पात्र असतो. मरणोत्तरही ते दिले जाते. सैन्य, पोलीस व अग्निशमन दल ह्यांतील लोकांस मात्र आपल्या कर्तव्याबाहेर केलेल्या कृत्यासाठीच हे पदक मिळते, कारण कर्तव्यावरील शौर्यासाठी त्यांना निराळी पदके आहेत. पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण दल आणि तुरुंग खाते ह्यांतील शौर्यासाठी पूर्वी अनेक नावांची पदके होती; २०२४ पासून राष्ट्रपतींचे शौर्य पदक व शौर्य पदक अशी दोनच ठेविली आहेत.

जीवन रक्षा पदकावर काय कोरलेले आहे, हे आमच्या वाचकांस कळावे असे वाटते. मध्यभागी अभय देणारा उघडा हात आहे, आणि वर ‘मा भैषीः’ हे संस्कृत शब्द आहेत. त्यांचा अर्थ ‘भिऊ नकोस’ असा होतो. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास ही भाषा परकी नाही. मेंढपाळांस, मरीयेस, वादळातील शिष्यांस स्वर्गाकडून प्रथम हाच धीर मिळाला. विहिरीत पडलेल्या मनुष्यास वरून येणारा हात दिसतो, तेव्हा तो हात हेच बोलत असतो.

आता पुढील गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ह्या पदकासाठी राज्य सरकारे व केंद्राची खाती शिफारस करतात, आणि साधारणपणे मागील दोन वर्षांत घडलेल्या कृत्यांचाच विचार होतो. कोणी सांगितल्यावाचून दिल्लीस काही कळत नाही. दोन वर्षे गप्प बसणाऱ्या मंडळीने आपल्या मनुष्याचा मान आपल्याच हाताने पुसून टाकिला, असे होते. आमच्या हातून हेच घडले.

४. नागपूर शहराची साक्ष

आपल्या नागपूर शहराचा ह्या विषयाशी विशेष संबंध आहे. देशातील अग्निशमन अधिकाऱ्यांस शिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय येथे आहे. ते १९५६ साली रामपूर येथे सुरू झाले व १९५७ साली नागपुरास आले. त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी संकटकाळी मदतकार्य कसे करावे हे शिकविणारी केंद्र सरकारची एक संस्थाही नागपुरात निघाली, आणि पुढे ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. जळत्या घरात शिरावे कसे, ढिगाऱ्याखालील मनुष्यास काढावे कसे, हे ज्यांनी देशभर केले, त्यांतील पुष्कळांनी त्याचे धडे आमच्याच शहरी घेतले आहेत.

दर वर्षी १४ एप्रिल हा दिवस देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजास आग लागली. जहाजात कापूस होता, आणि दारूगोळाही होता. आग विझविण्यास बंबवाले जहाजावर चढले. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ लोक त्यात मरण पावले. त्या दिवसाची आठवण राष्ट्राने आपल्या दिनदर्शिकेत कोरून ठेविली आहे.

असे बलिदान केवळ मागील पिढीतच झाले असे नव्हे. ९ मे २०१५ रोजी मुंबईतील काळबादेवी भागात गोकुळ निवास ह्या इमारतीस आग लागून ती कोसळली. त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई असे चार अधिकारी मरण पावले. हाताखालच्या लोकांस पुढे धाडून मागे राहणारे हे अधिकारी नव्हते.

५. आपल्या हातातील काम टाकून धावणारे

ज्यांचा धंदाच प्राण वाचविण्याचा नाही, त्यांच्याही दोन गोष्टी सांगतो.

मयूर शेळके हे मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकावर पॉइंट्समन होते. १७ एप्रिल २०२१ रोजी एक अंध माता आपल्या लहान मुलास घेऊन फलाटावरून चालली असता मूल रुळांवर पडले. समोरून गाडी वेगाने येत होती. शेळके रुळांमधून गाडीच्या दिशेने धावले, मुलास उचलून फलाटावर ठेविले आणि स्वतः वर चढले, तोच गाडी निघून गेली. रेल्वेने त्यांस पन्नास हजार रुपये बक्षीस दिले. त्यातील अर्धी रक्कम त्या मुलासाठी देण्याचे त्यांनी जाहीर केले. बक्षीस घेणे व नम्र असणे ह्या दोन्ही गोष्टी एका मनुष्यात कशा राहू शकतात, हे ह्यावरून दिसते.

दुसरी गोष्ट खाणीतील आहे. नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ ह्या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी असल्यामुळे आमच्या वाचकांस तिचे मर्म लगेच कळेल. बंगालातील राणीगंज भागात महाबीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये एकाएकी पाणी शिरले. सहा कामगार बुडाले, व ६५ आत अडकले. जसवंतसिंग गिल ह्या अभियंत्याने वरून बोगद्यासारखे भोक पाडून पोलादी पिंजरा आत सोडण्याची युक्ती काढिली. पिंजऱ्यात बसून ते स्वतः खाली उतरले, आणि एकेक करून ६५ जणांस वर पाठविण्यात आले. १९९१ साली त्यांस सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळाले. वर सुरक्षित राहून हुकूम देणे त्यांच्या अधिकारात होते. परंतु खाली असलेल्यांस धीर यावा म्हणून ते खाली गेले. आपल्या तारणाऱ्याने वरून आज्ञा न करता आमच्यामध्ये उतरून आम्हांस वर काढिले, ह्या सत्याची अंधुक का होईना, छाया येथे दिसते.

६. एबद-मलेखाच्या चिंध्या

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. धैर्य म्हणजे आंधळी उडी नव्हे. यिर्मया संदेष्ट्यास चिखलाने भरलेल्या हौदात टाकिले, तेव्हा एबद-मलेख ह्या कूशी मनुष्याने त्यास वाचविले. तो परदेशी होता, राजाच्या घरचा चाकर होता, आणि ज्या सरदारांनी यिर्मयास टाकिले होते ते प्रबळ होते. तरी तो राजाकडे भर वेशीत गेला व उघडपणे बोलला. हे त्याचे धैर्य. पुढे त्याने मदतीस तीस माणसे घेतली, दोर घेतले, आणि दोराने संदेष्ट्याच्या काखा कापू नयेत म्हणून जुन्या चिंध्याही गोळा केल्या. हे त्याचे शहाणपण. देवाने दोन्हींची नोंद शास्त्रात ठेविली आहे.

ज्या तरुणाविषयी आम्ही आरंभी लिहिले, त्याच्या कमरेला दोर बांधून वरून चौघांनी धरला असता, तर कदाचित तो आज आपल्या लेकरांत असता. म्हणून उपदेशकबंधूंनी गावात पुढील गोष्टी शिकवाव्या. विहिरीच्या आत इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग नसतो व वासही नसतो. जुन्या विहिरीत, खताच्या टाकीत किंवा शौचकूपात कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे तसेच उतरू नये. पुष्कळदा मरण पावणारा दुसरा मनुष्य वाचवावयास गेलेलाच असतो. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझल्यास उतरू नये हे खरे. परंतु तो जळत राहिला म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण इंजिनाच्या विषारी धुराने ज्योत विझत नाही. काही वायू तर ज्योतीने पेट घेतात, म्हणून टाकीत किंवा शौचकूपात कंदील मुळीच सोडू नये. आधी ११२ किंवा १०१ ह्या क्रमांकावर खबर द्यावी, आणि श्वासाचे साधन व शरीराला बांधलेला दोर असल्यावाचून कोणासही आत जाऊ देऊ नये. बुडणाऱ्यास प्रथम दोर, बांबू किंवा लुगडे फेकावे; पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घालू नये. आपल्या नागपूर मिशनचे आद्य मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात रात्री एकटेच बुडाले, हे आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. पावसाळ्यातील ओढा कोणाचीही भीड धरीत नाही.

७. शोमरोनी मनुष्याचे नाव कायद्यात

रस्त्यावरील अपघातात सापडलेल्यास मदत करण्यास आपले लोक कचरतात. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, अशी त्यांची समजूत असते. ही भीती दूर करण्यासाठी २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम घालण्यात आले. सद्भावाने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. आणि २०२० च्या नियमांप्रमाणे आपले नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. अशा मदतनिसास कायद्याच्या इंग्रजी भाषेत ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. हा तोच लूकाच्या दहाव्या अध्यायातील चांगला शोमरोनी होय. २०२१ साली अशा मनुष्यास पाच हजार रुपये देण्याची योजना निघाली, आणि २०२५ साली ‘राहवीर’ ह्या नावाने ती रक्कम पंचवीस हजार करण्यात आली. जखमी मनुष्यास पहिल्या तासाच्या आत रुग्णालयात पोचवावे, असा तिचा हेतू आहे.

प्रभूच्या दाखल्यातील त्या मनुष्यास मात्र कोणी बक्षीस दिले नाही. उलट त्यानेच आपल्या पदरचे दोन दीनार खर्च केले. तो तिरस्कृत जातीचा होता. याजक व लेवी बाजूने निघून गेले. ज्याला ते अशुद्ध मानीत, तोच थांबला.

हे वाचताना आमच्या मनात शहरांतील गटारे साफ करणारे येतात. ज्यांस एके काळी गावकुसाबाहेर ठेविले, त्यांचीच लेकरे पुष्कळ अंशी आजही ह्या कामात आहेत. एकजण मॅनहोलमध्ये गुदमरतो, त्याला काढावयास त्याचा सोबती किंवा भाऊ उतरतो, आणि तोही परत येत नाही. मनुष्यास असे काम करावयास लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये व २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई देण्याचे ठरविले. परंतु जो दुसऱ्यासाठी उतरला, त्याच्या कृत्यासही कागदावर पुष्कळदा अपघातच म्हणतात. भरपाई हा न्याय आहे, व तो मिळालाच पाहिजे. तथापि भरपाईने मान दिला असे होत नाही. तो अपघाताने मेला नाही. तो आपल्या सोबत्यासाठी मेला. हे वाक्य कोणीतरी लिहिले पाहिजे.

८. मंडळीने काय करावे?

पहिले, साक्ष लिहून ठेवावी. अशी घटना घडली तर आठवड्याच्या आत उपदेशकाने किंवा वडिलाने प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून ती हकीकत लिहून घ्यावी : दिवस, वेळ, जागा, कोण संकटात होते, कोणी काय केले. वाचलेल्या मनुष्याची सही किंवा अंगठा घ्यावा. पोलिसांच्या पंचनाम्याची व डॉक्टरांच्या दाखल्याची नक्कल मिळवावी.

दुसरे, पंचनाम्याच्या वेळी हजर राहून सत्य सांगावे. मनुष्य केवळ पडला की दुसऱ्यास वाचवावयास उतरला, हा भेद तेव्हाच लिहिला गेला पाहिजे. मागाहून तो लिहविणे फार कठीण जाते.

तिसरे, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत शिफारशीसाठी अर्ज द्यावा, आणि पोच घ्यावी. दोन वर्षांची गोष्ट विसरू नये. पदक मिळेलच असे नाही. परंतु अर्ज न करण्याचा दोष तरी आपल्या माथी राहणार नाही.

चौथे, ही सेवा केवळ आपल्या मंडळीतील माणसांसाठीच करू नये. आपला तरुण ज्यांच्यासाठी उतरला, ते आपल्या मंडळीतील नव्हते. गावातील कोणत्याही जातीच्या अथवा धर्माच्या मनुष्याने असे कृत्य केल्यास त्याच्यासाठी अर्ज लिहिण्यास मंडळीने पुढे व्हावे.

पाचवे, मेलेल्याचे घर सांभाळावे. पदक भिंतीवर टांगता येते. चूल त्याने पेटत नाही. विधवेचे धान्य व लेकरांची फी ह्यांविषयी मंडळीने दर महिन्यास विचारपूस करावी.

मंडळीच्या दप्तरात आता आम्ही एक वही ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या तरुणाचे नाव व त्या दोन मजुरांची साक्ष, दोघांच्या अंगठ्यांसह, लिहिली आहे. त्याची विधवा ती वाचून घेण्यास आली होती. तिने ती दोनदा वाचावयास लाविली. पदकाचा समय निघून गेला, हे आम्ही तिला सांगितले, आणि तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “लेकरू मोठे झाले की त्याला ही वही दाखवा.”

देवाजवळ जीवनाचे पुस्तक आहे, आणि त्यात कोणाचे नाव लिहावयाचे राहत नाही. परंतु त्या विश्वासाचा आडोसा घेऊन आपण आपले लिहिणे टाळू नये. एबद-मलेखास कोणत्याही राजाने पदक दिले नाही. तरी नगर पडले त्या दिवशी देवाने त्याचा जीव राखण्याचे वचन दिले, आणि ते वचन लिहिले गेले म्हणूनच आज आपण त्याचे नाव घेतो.

शब्बाथशाळेत व घरच्या उपासनेत विचारावयाचे प्रश्न

१. मर्दखयाचा सन्मान होण्यास एस्तेरेचे व लेखकाचे काम कसे कारण झाले?
२. स्वतःसाठी मान शोधणे व दुसऱ्यास मान देणे ह्यांतील भेद एपफ्रदीताच्या उदाहरणावरून सांगा.
३. एबद-मलेखाने दोराबरोबर चिंध्या का नेल्या? आपल्या गावातील विहिरींविषयी ह्यापासून काय शिकावे?
४. आपल्या गावात मागील दोन वर्षांत कोणी दुसऱ्याचा प्राण वाचविला आहे काय? त्याचे नाव कोठे लिहिले आहे?
५. अशा कोणाची विधवा किंवा लेकरे आपल्या शेजारी असल्यास ह्या महिन्यात मंडळी त्यांच्यासाठी काय करील?

प्रार्थनेचे विषय : अग्निशमन दलातील, खाणींतील, रेल्वेतील व गटारांत उतरणाऱ्या सर्व कामकऱ्यांचे रक्षण व्हावे, ज्यांचे आप्त दुसऱ्यांस वाचविताना गेले त्यांचे सांत्वन व्हावे, आणि ज्यांस लिहिता येते त्यांस आळस न व्हावा.